सलामीचा बारावा बार

३ ऑक्टोबर १८६८, शनिवार

आज माझी बढती झाली. पोर्ट वेलबी स्वयंसेवक तोफखान्याचा वेळ-नोंदक म्हणून कॅप्टन व्हिटलॉक यांनी कवायतीच्या मैदानावर सगळ्यांसमोर माझं नाव वाचलं : अँब्रोझ ट्रेगिअर, घड्याळजी. घरी येऊन बायकोला, केझायाला, सांगितलं, तर ती म्हणाली, आता तरी मापाची पँट मिळेल का. गणवेशाची पँट दोन वर्षं माझ्या टाचांखाली येते आहे, हे खरं आहे.

१० नोव्हेंबरला गव्हर्नरसाहेब प्रांतिक सभेचं उद्घाटन करायला बोटीने येणार. आजवर राणीच्या वाढदिवसाला बार काढून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या मेंढ्या पळवून लावणं, एवढाच आमचा पराक्रम. गव्हर्नरांना सतरा तोफांची सलामी लागते. सोळा दिल्या तर अपमान आणि अठरा दिल्या तर हसं. मोजायला आणि वेळ राखायला डोकं ठिकाणावर असलेला माणूस हवा, असं कॅप्टन म्हणाले. मला बरं वाटलं.

गव्हर्नरांबरोबर तपासणी अधिकारी येणार, मेजर फेअरली. साठीच्या पुढचा प्रत्येक कवायत-सार्जंट कामाला लायक आहे की नाही, हे ते ठरवणार, असं सरकारी पत्र आहे. म्हणजे आमचा हॅनिगन. सार्जंट कॉर्नीलियस हॅनिगन सहासष्ट वर्षांचा आहे. निशाणकाठीखालची दगडी खोपटी त्याला या कामापायी मिळालेली. तिथे त्याची बकरी आहे, कोबीचा वाफा आहे. काम गेलं की खोपटी गेली, मग शहरातल्या निराधार म्हाताऱ्यांच्या आश्रमात रवानगी. न्यूझीलंडात त्याचं आमच्याशिवाय कुणी नाही. मी ठरवलं आहे, की माझ्या परीने होईल ते करायचं आणि म्हाताऱ्याला मेजरसाहेबांपुढे झकास उभा करायचा.

१० ऑक्टोबर, शनिवार

सराव. हॅनिगनला तोफेजवळ पाहणं हा एक आनंद आहे. आम्ही बाकीचे कोण, तर न्हावी, सुतार, लाकडाचे व्यापारी आणि अर्धं आयुष्य भिंग लावून बसलेला मी. पण तो बुरुजावर आला की आम्ही सगळे सरळ उभे राहतो. आवाज भरदार, हुकूम स्वच्छ. सोळा वर्षं त्याने पलटणीच्या तोफखान्यात काढली, आणि त्या काळात त्याच्या तोफेवर कुणाचं बोटसुद्धा गेलं नाही, असं तो एकदाच म्हणाला होता, तेही विचारल्यावर.

दोन खोडी मात्र आहेत. एक म्हणजे तो सराव अनवाणी घेतो. बूट काढून निशाणकाठीला टेकवून ठेवतो आणि दोन तोफांच्या मधे दगडावर पाय फाकवून उभा राहतो. बोटांना कुरूप असावं. दुसरी खोड, पाठीमागून बोललं तर उत्तर देत नाही. जुन्या शिपायांना असा ताठा असतोच. समोरून बोललं की मात्र तुमच्या तोंडाकडे असं बघत राहतो, की दात मोजतोय की काय.

बार आणि बार यांतला वेळ तो घड्याळाने नाही, तोंडाने मोजतो. ओठांतल्या ओठांत पुटपुटतो : बटाटे उकडले, मीठ संपलं, शेजारणीकडे मागायला गेलो, तिचा कुत्रा चावला, आता डाग. मी माझं घड्याळ लावून पाहिलं. तेरा सेकंद. कधी चौदा. मी कॅप्टनना म्हटलं, हे एकोणिसावं शतक आहे, गव्हर्नरांची सलामी बटाट्यांवर सोडायची? दहा सेकंदांचा नेमका ठेका ठेवू, मी लहान निशाण हलवून खूण देईन. कॅप्टनना पटलं.

हॅनिगन माझ्याकडे बराच वेळ बघत होता. म्हणाला, "दहा म्हणजे घाई होते, घड्याळजी. तोफेला श्वास घ्यायला वेळ लागतो."

मी समजावलं, की तोफा दोन आहेत, आळीपाळीने उडणार, म्हणजे प्रत्येकीला वीस सेकंद मिळतात. त्याने मान हलवली. तो समजूतदार आहे.

दहा सेकंदांतली खरी गंमत पुढे कळली. बंदरापलीकडच्या काळ्या कड्यावरून तोफेचा आवाज बरोबर दहा सेकंदांनी परत येतो. म्हणजे एका बाराचा प्रतिध्वनी आणि पुढचा बार एकाच क्षणी. दोन तोफांचा आवाज चार तोफांचा वाटतो. केझायाला जेवताना सांगितलं, पुन्हा झोपताना सांगितलं. ती म्हणाली, कळलं.

१४ ऑक्टोबर

हॅनिगन दुकानात आला होता, त्याचं चांदीचं घड्याळ घेऊन. म्हणे, याचा आवाज बंद पडलाय. मी उघडलं. काटे चालू, टिकटिक चांगली खणखणीत. मी म्हटलं, सार्जंट, हे तर घोड्यासारखं चालतंय. त्याने ते पुन्हा कानाशी धरलं, मग दुसऱ्या कानाशी. "मग ठीक आहे," म्हणाला आणि खिशात टाकलं. या वर्षात तिसरी खेप. मला वाटतं, त्याला माझ्या तंबाखूची चटक लागली आहे आणि घड्याळ हे निमित्त. येऊ दे. माझ्या दुकानात एवढ्या इमानाचा माणूस दुसरा येत नाही.

१९ ऑक्टोबर

दक्षिणेचा वारा. सराव नाही. सर्दी.

२४ ऑक्टोबर, शनिवार

आज कॅप्टन व्हिटलॉक मला बाजूला घेऊन म्हणाले, की गव्हर्नरांच्या सलामीला सार्जंट कोळ्यासारखा अनवाणी उभा राहिला तर मेजर त्याला तिथल्या तिथे घरी पाठवतील. मला एकदम सुचलं. सगळ्या तोफखान्याने मिळून म्हाताऱ्याला बूट भेट द्यावेत. साधेसुधे नव्हेत. चांभाराकडे जाऊन मीच चामडं निवडलं. दुहेरी तळ, टाचेला लोखंडी नाल, आतून लोकर. कुरूप असलं तरी टोचणार नाहीत. सगळ्यांनी आनंदाने हातभार लावला. एबेल सोरली, आमचा खाटीक, तोफ उडाल्यावर तोंडाशी उभं राहून ओल्या बोळ्याने ती पुसायचं काम करतो. तो म्हणाला, "म्हाताऱ्यासाठी मी माझं कातडं देईन, पण ते त्याला पुरून उरेल." सोरली अडीच माणसांएवढा आहे.

केझाया तोफेच्या दारूच्या थैल्या शिवते आहे, एका बाराला एक. तिने तिचा लाल फ्लॅनेलचा परकर फाडला. वीस थैल्या, सतरा लागणाऱ्या आणि तीन अडीअडचणीला. गव्हर्नरांची सलामी माझ्या बायकोच्या परकरातून उडणार, हे कॅप्टनना सांगावं की नाही, या विचारात आहे.

तिला बुटांचं सांगितलं, तर सुई थांबवून म्हणाली, "त्यांना विचारलंत का?"

भेट काय विचारून देतात, मी म्हटलं. तिने सुई पुन्हा चालवली.

९ नोव्हेंबर, सोमवार

उद्या. काल शेवटचा बूट चांभाराकडून आला, आज संध्याकाळच्या चहानंतर सगळ्यांसमोर दिले. मी छोटं भाषण केलं. हॅनिगनने एक बूट हातात घेऊन उलटा केला, तळावर अंगठा दाबला.

"फार जाड आहे रे तळ," म्हणाला.

"जन्मभर टिकतील," मी म्हटलं.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मग सगळ्यांकडे बघितलं. बावीस माणसं दात काढून उभी होती. त्याचे डोळे भरले. मला वाटलं, आनंदाने. "उद्या घालतो," म्हणाला. "तुम्ही एवढ्या मायेने दिलेत, तर घालायलाच हवेत."

१० नोव्हेंबर, मंगळवार

आधी सगळं ओळीने लिहून काढतो.

सकाळी धुकं. नऊला बुरुजावर. सगळ्यांची बटणं लखलखीत, हॅनिगन नव्या बुटांत. उंच दिसत होता, पण दगडावर टाचा आपटून बघत होता, वाळूत पाय रुतलाय असं वाटावं तसा. खाली धक्क्यावर लाल गालिचा, बँड, शाळेतल्या मुली, प्रांतिक सभेचे सभासद उंच टोप्यांत. गव्हर्नरांची होडी बोटीपासून सुटली आणि कॅप्टननी तलवार खाली केली.

पहिला बार. दहा सेकंद. दुसरा. तिसरा. मी प्रत्येक बाराला कागदावर रेघ ओढत होतो. वारा उलटा फिरला आणि सगळा धूर आमच्याच अंगावर आला. चार पावलांवरच्या हॅनिगनपलीकडे धड काही दिसेना, तोफांची तोंडं तर नाहीच. चौथ्याला हॅनिगन उशिरा बोलला. मान इकडून तिकडे वळवत होता. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. घाबरलेला होता.

आणि मग, गव्हर्नरांची होडी अर्ध्यावर असताना, बँड वाजत असताना, तो खाली दगडावर बसला आणि त्याने आम्ही दिलेले बूट काढले. आधी एक, मग दुसरा, मोजेसुद्धा. उठला आणि अनवाणी उभा राहिला. कॅप्टन पांढरे पडले. मी लिहायला नको, पण लिहितो : मला राग आला. एवढ्या मायेने दिलेले, आणि आजच्या दिवशी.

त्यानंतर मात्र त्याचा एकही हुकूम चुकला नाही.

बारावा बार दुसऱ्या तोफेचा. मी खूण दिली, पेटवणीच्या दारूची, रंजकाची, ठिणगी धुरात चमकली, धडाम झालं. मी रेघ ओढली. सोरली ओला बोळा घेऊन तोफेच्या तोंडापुढे गेला, जसे अकरा वेळा दोन्ही तोफांवरचे पुसणारे गेले होते तसा. हॅनिगन ओरडला, "थांब." बँडच्या आवाजात सोरलीला ऐकू गेलं नसावं. मग म्हातारा धावला. सहासष्ट वर्षांचा माणूस त्या बैलासारख्या खाटकावर मागून पडला, पट्ट्याला धरून त्याला खाली ओढलं आणि दोघं दगडावर आडवे झाले. मला वाटलं, याला वेड लागलं.

तेवढ्यात तोफ उडाली.

त्यांच्या अंगावरून जाळ गेला. सोरलीच्या भुवया आता नाहीत. हॅनिगन उठला, पँट झटकली, ओठ हलताना मी पाहिले, बटाटे उकडले, मीठ संपलं, आणि पहिल्या तोफेला हुकूम दिला. सलामी पुढे चालू झाली. त्या उशिरा उडालेल्या बाराचीही मी रेघ ओढली, कारण जे ऐकलं ते लिहायचं, हे माझं काम. माझ्या सतरा रेघा झाल्यावर मी थांबायचं निशाण वर केलं. हॅनिगनने ते पाहिलं, माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून, आणि आणखी एक बार काढला.

अठरा. माझ्या कागदावर अठरा रेघा आहेत. गव्हर्नरांच्या सचिवांनीही अठरा मोजले. मेजर फेअरली कॅप्टनना म्हणाले, की अनवाणी सार्जंट, जमिनीवर लोळण आणि वर एक बार जास्त, म्हातारा गडबडला हे उघड आहे. परवा चौकशी. मी माझा कागद घेऊन हजर राहायचं आहे. वसाहतीतला सगळ्यात नेमका घड्याळजी म्हणून मेजरसाहेबांना माझं नाव सांगण्यात आलं आहे. हा मान मला नको होता.

११ नोव्हेंबर

सकाळपासून दुकान उघडलं नाही. स्वयंपाकघरात बसून कागद बघत होतो. केझाया पाव भाजत होती. मी म्हटलं, मी खोटं कसं लिहू. अठरा ऐकले, अठरा लिहिले. पण हा कागद दिला की म्हाताऱ्याची खोपटी गेली.

तिने फडताळातून तीन लाल थैल्या काढून माझ्यापुढे टाकल्या, दारू भरलेल्या नव्हे, रिकाम्या केलेल्या.

"वीस शिवल्या. काल तीन परत आल्या. दारू काढून मीच धुतल्या. करा हिशेब."

मी दोनदा मोजल्या. सतराच उडाले होते.

"मग मी बारावा बार ऐकला, तो कसला?"

"महिनाभर माझं डोकं कुणी खाल्लं? दहा सेकंदांनी कडा आवाज परत देतो म्हणून. अकराव्याचा आवाज परत आला, तुम्हाला वाटलं बारावा उडाला. मलाही वाटलं. सगळ्या गावाला वाटलं."

दारू धुक्याने सर्दली होती, आत नुसती धुमसत राहिली. धुरात काही दिसत नव्हतं. आणि बरोबर त्या क्षणी माझ्या दहा सेकंदांनी आम्हा सगळ्यांच्या कानात खोटा बार घातला. तेरा सेकंद असते, तर कड्याचा आवाज आधीच येऊन गेला असता आणि नंतरची शांतता सोरलीला कळली असती. मी हे तिला मोठ्याने सांगितलं, कारण मनात ठेववेना.

मग विचारलं, "हॅनिगन कसा नाही फसला?"

केझायाने माझ्याकडे बघितलं, कुणाची दया आली की ती बघते तसं.

"त्यांना ऐकू येत नाही हो. तीन-चार वर्षं झाली. मी कोबी घ्यायला जाते तेव्हा समोर उभी राहून बोलते. त्यांना तोफ पायांनी कळते."

मी घड्याळाचा विचार केला. तीन खेपा. मग ठीक आहे, म्हणाला होता. मग बुटांचा विचार केला, आणि मला उठून अंगणात जावं लागलं.

परत आल्यावर म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कॅप्टनना सांगितलं असतंत. खरं बोलायची खोड आहे ना तुम्हाला."

१२ नोव्हेंबर

कवायतीच्या छपरीत चौकशी झाली. मेजर फेअरली टेबलापाशी, कॅप्टन शेजारी, हॅनिगन समोर, जुन्या फाटक्या बुटांत. नवे त्याने फडक्यात बांधून काखेत आणले होते, परत द्यायला.

मेजरनी माझा कागद मागितला. मी म्हटलं, साहेब, देतो, पण यातली बारावी रेघ खोटी आहे. ती मी ओढली, माझ्या हाताने. प्रतिध्वनीला बार समजलो. मग थैल्यांचं सांगितलं, दहा सेकंदांचा हट्ट माझा होता हेही सांगितलं. केझाया दारात उभी होती, तिने तीन थैल्या वर करून दाखवल्या. कॅप्टन म्हणाले, ट्रेगिअर, तुम्ही काय बोलताय, समजतंय का. मला समजत होतं. उद्या पोर्ट वेलबीत कुणी मला घड्याळ दुरुस्तीला दिलं नाही तर नवल नाही. मी ती रेघ खोडली आणि खाली सही केली.

कानांबद्दल मी बोललो नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. खोडीलाही मर्यादा असते.

मेजरनी सोरलीला विचारलं. सोरली म्हणाला, "साहेब, मला चार पोरं आहेत. आज त्यांना बाप आहे. मला सतरा-अठरा काही ठाऊक नाही." आणि त्या दांडग्या माणसाने टोपीने तोंड पुसलं.

मेजर हॅनिगनकडे वळले. "सगळ्या बंदराने बार ऐकला. तुम्ही एकटेच फसला नाहीत. कसे?"

हॅनिगनची एका शब्दावर सुटका होती. अनुभव म्हणाला असता तरी चाललं असतं. तो मेजरच्या तोंडाकडे नीट बघत होता, आणि मग म्हणाला,

"मला ऐकू येत नाही, साहेब. म्हणून."

कॅप्टन खुर्चीतून अर्धे उठले.

"तोफेने कान नेले, पण पाय ठेवले. ती उडाली की दगड सांगतो. परवा बारावीला दगड गप्प होता. या लोकांनी मायेने बूट दिले, ते घालून पहिले चार बार मी आंधळा होतो. म्हणून काढले. त्यांचा काही दोष नाही. मी सांगायला हवं होतं, पण खोपटी जाईल म्हणून भ्यालो."

मेजरनी पेन्सिल खाली ठेवली. मग उठले, सगळ्यांना बुरुजावर नेलं. केझायाच्या त्या तीन थैल्या पुन्हा भरायला लावल्या. हॅनिगनला अनवाणी, डोळे बांधून, समुद्राकडे पाठ करून उभं केलं. मेजर बोट दाखवतील ती तोफ, कधी खरा बार, कधी नुसतं रंजक; डाग दिला की सोरली त्याच्या खांद्यावर थाप मारायचा, पहिलीला डाव्या, दुसरीला उजव्या. हॅनिगन प्रत्येक वेळी बोट वर करून सांगत होता : पहिली, उडाली. दुसरी, नाही. पुन्हा दुसरी, नाही. दुसरी, उडाली, दारू कमी भरली आहे. उरलेली दारू मोजली, खरंच एक थैली कमी भरली होती. ती मी भरली होती.

मेजरनी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून हुकूम लिहिला. सार्जंट हॅनिगन कामाला लायक, राहत्या जागेसह. त्याला वरचे हुकूम खुणेने सांगणारा एक माणूस शेजारी असावा. दोन बारांत तेरा सेकंद असावेत. आणि शेवटचं कलम मी शब्दशः उतरवून घेतलं आहे : तोफेजवळ सार्जंटने बूट घालू नयेत.

२१ नोव्हेंबर, शनिवार

आज सराव झाला. मी माझं घड्याळ घरी ठेवलं आणि बटाटे म्हणालो. बरोबर तेरा सेकंद येतात, पण कुत्र्याशी थोडं थांबावं लागतं. एकदा, कुणी बघत नसताना, मीही बूट काढून उभा राहिलो. पहिल्या बाराला काही कळलं नाही. तिसऱ्याला टाचेत काही तरी आलं, किंवा मला वाटलं असेल.

नवे बूट हॅनिगन चर्चमध्ये घालतो. तिथे काही उडत नाही, म्हणतो.

संध्याकाळी तो दुकानात आला. खिशातून चांदीचं घड्याळ काढलं, काउंटरवर ठेवलं. याचा आवाज बंद पडलाय, म्हणाला. हसत नव्हता. आता मला सगळं ठाऊक आहे हे त्याला ठाऊक, तरी विचारत होता. माणूस कुठे तरी आशा ठेवतोच.

घड्याळ माझ्या तळहातावर टिकटिकत होतं. मी ते खाली ठेवलं. त्याचा हात धरला आणि कोपऱ्यातल्या मोठ्या उभ्या घड्याळापाशी नेला, त्याचा पंजा लाकडी पेटीवर सपाट टेकवला. लंबक आत जाडजूड ठोके देत होता.

तो तसाच उभा राहिला, डोळे मिटून. मी मोजलं नाही किती वेळ.

"हे चालतंय," तो म्हणाला.

मी त्याच्या समोर आलो, त्याला माझं तोंड दिसेल असा.

"तुमचंही चालतंय, सार्जंट. मी रोज बघून सांगत जाईन."

त्याने घड्याळ खिशात टाकलं, स्टुलावर बसला आणि माझी अर्धी तंबाखू संपवून गेला.